तुमचे शेवटचे चार आकडे

सईने विचारलंय, आबांनी या वेळी मत दिलं होतं का.

फोनवर विचारलं असतं तर जेवलीस का, थंडी किती आहे, असं काही बोलून मी वेळ मारून नेली असती. पण तिने लिहून विचारलं. वर म्हणते, आजी, तू आम्हाला नको सांगूस, आबांनाच लिही, मराठीत लिही, आम्ही बाबाकडून वाचून घेऊ. म्हणजे तिकडे अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, बॉथेलला, रविवारी सकाळी निखिल हे मोठ्याने वाचणार, सई आणि अर्णव पांघरुणात पाय घेऊन ऐकणार, आणि मधेच कुठेतरी आपल्या मुलाचा आवाज अडकणार. निखिल, अडकला तर थांब, पाणी पी. पण वगळू काही नकोस. तुला ती सवय आहे.

अहो, तर हे तुम्हाला लिहिते आहे. तुम्ही गेल्याला आज अडतीस दिवस झाले. जेवताना तुमच्या खुर्चीसमोर मी ताट मांडत नाही, तेवढी शिस्त स्वतःला लावून घेतली आहे. पण तुमचा फोन अजून रोज चार्ज करते. का करते ते विचारू नका. मी तो बंद पडू दिला असता तर यातलं काहीच मला कळलं नसतं.

निवडणुकीपर्यंत तो प्रचाराच्या मेसेजेसनी दिवसातून आठ-दहा वेळा गुरगुरायचा. "हाय मनोहर, मी मेगन. आमची सगळी भिस्त तुमच्यावर आहे." "मनोहर, तुमच्या शेजाऱ्यांनी मत दिलं. तुम्ही?" "मनोहर, अजून वेळ गेलेली नाही." या देशात जन्मभर तुम्हाला सगळ्यांनी मॅनी म्हणून भागवलं, आणि आता कुणी परकी मुलगी रोज सकाळी पूर्ण नावाने हाक मारत होती. एकदा मी उत्तर दिलं. लिहिलं की ते वारले. क्षणात परत आलं, "ऐकून आनंद झाला! तुमच्या मतदान केंद्राचा पत्ता खाली दिला आहे." मला हसू आलं. ओट्याशी एकटी उभी राहून मी हसले, आणि सवयीने फोन तुम्हाला दाखवायला वळले.

आपल्या कराराची गोष्ट मुलांना अर्धीच माहीत आहे. त्यांना वाटतं, आजी-आबांनी तो गमतीने केला. गंमत नव्हती. त्या वर्षी आपण दोघं एकाच गाडीतून मत द्यायला गेलो, शेजारशेजारच्या खणांत उभं राहून विरुद्ध पक्षांना मतं दिली, आणि येताना एक शब्द बोललो नाही. जाताना जे बोललो होतो तेच पुष्कळ होतं. मी म्हटलं होतं, "इतक्या वर्षांत मी तुम्हाला ओळखलंच नाही म्हणायचं." त्यावर तुम्ही गाडी चालवता चालवता म्हणालात, "इतकी वर्षं मीही तेच सांगतोय." एरवी मी हसले असते. त्या दिवशी नऊ दिवसांचा अबोला सुरू झाला. तुम्ही स्वतःची कपबशी स्वतः विसळायला लागलात. ती विसळण्याचा आवाज मी दुसऱ्या खोलीतून ऐकत राहायचे. म्हातारपणी एका घरात राहून माणसं वेगळी होतात ती अशीच होत असणार, हळूहळू, नळाखाली.

दहाव्या दिवशी सकाळी तुम्ही माझ्यासमोर एक कागद ठेवलात. तुम्ही मला हेडबाई म्हणायचात, कारण घरातले सगळे कागद, सगळे अर्ज, सगळ्या फायली माझ्या ताब्यात. त्यामुळे समेट करायचा तर तो कागदावरच, हे तुम्हाला बरोबर सुचलं. तुमच्या इंजिनिअरी अक्षरात लिहिलं होतं: तुझं एक, माझं एक, वजा केले, शून्य. खाली, "शून्यासाठी अबोला धरण्यात अर्थ नाही. पुढच्या वेळी दोघंही घरी बसू. किंवा डोंगरात जाऊ." आणि खाली सहीसाठी दोन रेघा. मी सही केली. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शाळेचा एक दिवस न बुडवलेली मुलगी मी, पण केली.

पुढच्या दोन्ही वेळी आपण शेनान्डोआच्या डोंगरात गेलो. दडपे पोहे, चहाचा थर्मास, दोन घडीच्या खुर्च्या. नोव्हेंबरात तिथे पानं राहिलेली नसतात, सगळा डोंगर हाडं दाखवत उभा असतो. कठड्याशी बसून आपण सगळ्या विषयांवर बोललो, तो एक सोडून. तुम्ही दर वेळी एकदा विचारायचात, "आधीच गुपचूप जाऊन आली नाहीस ना?" मी म्हणायचे, "तुमच्यासारखी वाटले का?" परत येताना किराण्याच्या दुकानात लोकांच्या छातीवर मत दिल्याचे गोल स्टिकर दिसायचे, आणि मला लहानपणी परीक्षेच्या दिवशी आजारी पडल्यासारखं वाटायचं. तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्हालाही तसंच वाटत होतं का? तुम्हीही सांगितलं नाहीत. इतकं बोलणारी माणसं आपण.

मग सई अठराची झाली.

ऑगस्टमध्ये तिचा फोन आला होता, स्पीकरवर, आठवतंय ना? मतदार म्हणून नाव नोंदवलं होतं, त्याचं तिला केवढं अप्रूप. तिने विचारलं, तुम्ही दोघं कुणाला देणार. तुम्ही मोठ्या ऐटीत कराराची गोष्ट सांगितलीत, कागद, वजाबाकी, डोंगर, सगळं. ती हसली नाही. म्हणाली, "वेट, आबा. सो यू गाइज जस्ट... डोन्ट काउंट?"

तुम्ही हसून उडवून लावलंत. पण फोन ठेवल्यावर बराच वेळ चष्मा पुसत बसलात. मी विचारलं तर म्हणालात, काच खराब आहे. सई, तू वाईट वाटून घेऊ नकोस. तू खरं तेच बोललीस, आणि तुझ्या आबांना खरं बोललेलं आवडायचं, फक्त ते पचायला त्यांना महिना लागायचा.

तो महिना मला तेव्हा दिसला नाही, आता दिसतो. टपाल आणायला कोपऱ्यावरच्या पेट्यांपर्यंत जायचा तुम्हाला कोण कंटाळा, पण सप्टेंबरात तुम्ही रोज किल्ली घेऊन स्वतः निघायला लागलात. मला वाटलं, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, ऐकलं म्हणायचं एकदाचं. संध्याकाळी बातम्यांत तुमच्याच पक्षाचं भाषण सुरू असताना तुम्ही एकदा मधेच टीव्ही बंद केलात आणि म्हणालात, "हे आता काहीही बोलतात." मी वर बघितलं. तुम्ही मात्र माझ्याकडे बघितलं नाहीत.

आणि मग ती सकाळ. मी जेवणाच्या टेबलावर मेथी निवडत होते. त्याआधी तासभर माझ्या विम्याचा एक फॉर्म भरून संपवला होता. तुम्ही आतल्या खोलीतून ओरडून विचारलंत, "अगं, माझ्या सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चार आकडे काय?" या देशात आल्यापासून तुम्हाला तुमचा हा सरकारी ओळखीचा नंबर कधी पाठ झाला नाही. बँकेत, दवाखान्यात, कुठेही गेलो की तुम्ही माझ्याकडे बघायचात आणि मी सांगायचे. कशाला हवाय, हे मी त्या दिवशी विचारलं नाही. मेथीवरून नजर न काढता चार आकडे सांगितले. तुम्ही "थँक यू हेडबाई" म्हणालात.

ते चार आकडे माझे होते.

हे मला तेव्हा कळलं नाही. मी कधी आकडा चुकत नाही. तासभर माझाच नंबर लिहीत होते, तोच जिभेवर होता, तोच बाहेर पडला. एवढंच.

तुमची शेवटची संध्याकाळ मी रोज वाजवून बघते. तुम्ही खिडकीशी उभे होतात. म्हणालात, "यंदा डोंगरात नको जाऊ या."

मी विचारलं, "का? गुडघा?"

"गुडघा म्हण हवं तर."

मला तुमचं ते 'हवं तर' कधीच आवडलं नाही. मी म्हटलं, "करार मोडायचा विचार दिसतोय."

"आणि मोडला तर?"

"मोडून तर बघा. मग मीही जाईन, आणि तुमचं पुसून येईन."

तुम्ही वळलात. हसत होतात. म्हणालात, "तेवढ्यासाठी तरी जाशील ना?"

मी गॅसकडे धावले. डाळ उतू जात होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही फिरायला जायचे बूट घालायला बाकावर बसलात आणि उठला नाहीत. डाव्या बुटाची नाडी बांधलेली होती, उजव्याची नव्हती. बाकीचं निखिलला माहीत आहे, मुलांना माहीत आहे, इथे लिहीत नाही.

दहाव्या दिवशी निखिलने मागच्या डेकवर भात ठेवला. आपल्या हर्नडनमध्ये कावळ्यांना तोटा नाही, तुम्हीच त्यांना शिव्या द्यायचात. पाच-सहा जण तारेवर बसून राहिले, खाली एक येईना. निखिल कोट घालून थंडीत उभा, हात जोडून. म्हणाला, आईला एकटं पडू देणार नाही. नाही आले. म्हणाला, मुलांना मराठी येईल असं बघेन. तेव्हा सई मागून पुटपुटली, "बाबा, डोन्ट ओव्हरप्रॉमिस." तरी कुणी आलं नाही. शेवटी एक खार आली आणि अर्धा भात घेऊन गेली. आम्ही सगळे रडता रडता हसलो. अर्णव म्हणाला, खार चालते का? मी म्हटलं, अमेरिकेत चालते.

असल्या गोष्टी मी मानत नाही. माझ्या शाळेने आणि माझ्या वडिलांनी मला तसं वाढवलं नाही. पण मुलं बॉथेलला परत गेली, आणि दोन दिवसांनी, भर दुपारी, तुमचा फोन गुरगुरला. या वेळी मेगन नव्हती. निवडणूक कार्यालयाने कळवलं होतं की तुमची टपालाने पाठवलेली मतपत्रिका मिळाली आहे, पण पाकिटावर लिहिलेले चार आकडे नोंदीशी जुळत नाहीत. ठरावीक मुदतीत मतदाराने दुरुस्ती केली नाही तर मत मोजलं जाणार नाही.

मी तो मजकूर उभ्याने वाचला, मग बसून वाचला. आधी कळलं ते एवढंच, की तुम्ही करार मोडलात. मला इतका राग आला की मी तुमचं नाव घेऊन मोठ्याने बोलले, मी, जिने तुम्हाला कधी नावाने हाक मारली नाही. माझ्याच घरात, माझ्याच फायलींच्या शेजारी बसून तुम्ही अर्ज केलात, पेटीतून पाकीट आणलंत, लपवून भरलंत, टाकून आलात. आणि मी तुम्हाला चालायला लागलात म्हणून शाबासकी देत होते. मग मी पुढचं वाक्य परत वाचलं. चार आकडे जुळत नाहीत. मेथीचा वास आला मला. खरंच आला.

तुमचं पुसून येईन, असं मी त्या संध्याकाळी म्हटलं होतं. तोवर मी ते पुसून कधीच मोकळी झाले होते.

दुरुस्तीचा कागद फोनमध्येच होता. मी तो छापला. घरातला प्रत्येक अर्ज मी भरते, हाही भरला. तुमचं नाव, पत्ता, जन्मसाल, आणि चार आकडे, या वेळी तुमचे. मग सहीची जागा आली. निखिलच्या शाळेच्या चिठ्ठ्यांवर, दिवाळीच्या कार्डांवर, कितीतरी ठिकाणी तुमची सही मीच केलेली आहे. तुम्हीच सांगायचात, तूच कर, माझ्यापेक्षा चांगली येते. पहिल्या अक्षराचा एक उंच पाय आणि मग सपाट ओढलेली रेघ. एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर मी सहज करून बघितली. हुबेहूब आली. परत केली, परत आली. तिसऱ्यांदा केली तेव्हा माझा हात मला हलका वाटला, कुणीतरी मनगटाखालून धरून नेतंय इतका हलका. मी पेन खाली ठेवलं आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसले. खूप वेळाने आले तर तीन सह्या तशाच होत्या, जणू तुम्ही नुकतेच टेबलावरून उठून गेला होतात.

मुलांनो, इथे मी खोटं लिहू शकले असते. मला ती सही करायची होती. तेवढं एकच काम त्यांनी माझ्याशिवाय केलं होतं, आणि त्यातही माझी चूक शिरली होती. ती काढून टाकायला एक रेघ पुरली असती, आणि कुणाला कळलंही नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या कार्यालयात फोन केला. बाईंचा आवाज गोड होता. नाव, पत्ता सांगितल्यावर त्या म्हणाल्या, मतदाराशी बोलता येईल का. मी म्हटलं, ते वारले. मग त्यांनी नीट, सावकाश सांगितलं की पाकीट बिनचूक असतं तर त्यांच्याकडे ते मोजलं गेलं असतं, माणूस नंतर गेला तरी. पण चूक आहे, आणि दुरुस्ती फक्त मतदाराला करता येते. मी म्हटलं, नंबर मी दिला होता, चुकून माझा दिला. हे मी निखिललाही सांगितलं नव्हतं, एका अनोळखी बाईला सांगितलं. त्या म्हणाल्या, "इट हॅपन्स विथ मॅरीड कपल्स, मॅम. मोअर दॅन यूड थिंक." मग मी विचारलं, त्या पाकिटाचं पुढे काय होतं. म्हणाल्या, आतलं पाकीट उघडत नाहीत, तसंच बंद ठेवतात.

म्हणजे ते तिथे आहे. गाडीने अर्ध्या तासावर, कुठल्यातरी खोक्यात, तुमच्या हाताने चिकटवलेलं. आत तुम्ही काळा केलेला एक गोल आहे, आणि तो कुठल्या नावासमोरचा, हे या जगात आता कुणालाही कळणार नाही.

फोन ठेवल्यावर मी तो छापलेला कागद फाडला. तीन सह्यांचं पाकीट फाडलं नाही. ते फायलीत आहे. कुठल्या नावाने लावलंय ते विचारू नका.

मग राहिला माझा प्रश्न. निवडणुकीला आठ दिवस होते आणि मी घरात येरझारा घालत होते. तुम्ही करार मोडलात म्हणजे मी सुटले, हा एक विचार. पण तुमचं मत मोजलंच गेलं नाही, म्हणजे करार तुमच्या बाजूने नकळत पाळला गेला, आता मी जाऊन मत दिलं तर मोडणारी मी ठरते. दुपारी वाटायचं, न जावं, दोघांचं शून्य राहू द्यावं, जसं ठरलं होतं तसं. संध्याकाळी वाटायचं, चूक माझी आहे तर भरपाईही मीच करावी, माझं मत तुमच्या पक्षाला देऊन टाकावं, मयताच्या नावाने दान करतात तसं. आणि लगेच ती बंद केलेल्या टीव्हीची संध्याकाळ आठवायची. तुमचा पक्ष तरी कुठला राहिला होता? समजा तुम्ही माझ्यासाठी म्हणून, किंवा सईसाठी म्हणून, किंवा पटलं म्हणून, माझ्या बाजूचा गोल भरला असेल, आणि मी तुमच्यासाठी म्हणून तुमच्या बाजूचा भरून आले, तर? आपण दोघंही एकमेकांचं पुसून मोकळे. हसण्यासारखं आहे. पण मला हसू आलं नाही. त्या दिवसांत जिन्यात, न्हाणीघराच्या दारात, कुठेही मी तुम्हाला विचारायचे, सांगा ना, कुणाला दिलंत? आणि घर इतकं गप्प बसायचं की मला वाटायचं, तुम्ही ओठ दाबून हसताय.

मतदानाच्या दिवशी सकाळी मी दडपे पोहे केले. मला भूक नव्हती. नारळ खवून झाल्यावर लक्षात आलं, मी काय करतेय. तरी थर्मास भरला. दोन्ही घडीच्या खुर्च्या घेतल्या. डबा शेजारच्या सीटवर ठेवून गाडी काढली आणि आपल्या गल्लीच्या टोकाला येऊन थांबले. डावीकडे महामार्ग आणि डोंगर. उजवीकडे शाळा, तिथेच मतदान. मागे कुणी नव्हतं म्हणून बरं, मी तिथे किती वेळ उभी होते मला सांगता येणार नाही. इंडिकेटर टिकटिकत होता. डावीकडचा लावला होता मी.

आणि मला ते वाक्य ऐकू आलं. तुमच्या आवाजात नाही, भुताखेतांच्या गोष्टी मी मुलांना सांगणार नाही. माझ्या आठवणीत, डाळ उतू जात असताना, जसं म्हणालात तसं. तेवढ्यासाठी तरी जाशील ना? तेव्हा मला ती थट्टा वाटली होती. तुम्ही तर तोवर पाकीट टाकून आला होतात. मग विचारत काय होतात? तुम्हाला माझा विरोध चालत होता. माझं घरी बसणं चालत नव्हतं. हे मला त्या कोपऱ्यावर कळलं, तीन आठवडे उशिरा.

मी इंडिकेटर बदलला.

शाळेच्या जिममध्ये लांब टेबलं मांडली होती. नोंदणीच्या टेबलामागे डोना बसली होती. मुलांनो, तुम्ही तिला ओळखत नाही. जुन्या रेल्वेमार्गाच्या पायवाटेवर ती करड्या कुत्र्याला घेऊन भेटते, आणि आम्ही दोघं रोज तिला हात करायचो. गेले काही आठवडे मी तिकडे फिरकले नव्हते, त्यामुळे तिला काही माहीत नव्हतं. नियमाप्रमाणे मी माझं नाव आणि पत्ता मोठ्याने सांगितला. तिने पडद्यावर शोधलं, त्या पत्त्यावरची दोन नावं तिला दिसली असणार. मान वर करून, माझ्या खांद्यामागे दाराकडे बघत, तिने हसून विचारलं, "अँड हिम? इज ही पार्किंग द कार?"

मी मागे वळून बघितलं. बघितलं मी. दारातून कुणीतरी म्हातारा येत होता, तुमच्याएवढाच उंच, टोपी काढत. तो तुम्ही नव्हता.

मी म्हटलं, "नो. ही हॅज ऑलरेडी व्होटेड."

ती म्हणाली, गुड फॉर हिम. मी म्हटलं, येस.

सई, हे तुझं उत्तर. तुझ्या आबांनी मत दिलं. ते मोजलं गेलं नाही, आणि ती चूक त्यांची नाही, माझी आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीने दुसरी पुसली जात नाही. कुणी विचारलं तर दोन्ही सांग.

खणात मी बराच वेळ पेन धरून उभी होते. तुमच्या नावाने दान करायचं, हा विचार तिथपर्यंत माझ्याबरोबर आला होता. मग मी तुम्हाला डोळ्यांसमोर आणलं, तुमच्या त्या हवं तर वाल्या चेहऱ्यासकट, आणि मला स्पष्ट दिसलं की तुमच्यासाठी म्हणून मी तुमचा गोल भरला तर तुम्ही माझ्यावर असे काही चिडाल की तो नऊ दिवसांचा अबोला काहीच नाही. जिच्याशी इतकी वर्षं भांडलात ती तुम्हाला तुमच्यासारखी नको होती. मी माझा गोल भरला. कडेपर्यंत, नीट, शाळेत शिकवतात तसा. तुमच्या विरुद्ध गेला असेल तर विरुद्ध. बरोबर गेला असेल तर ते तुम्हाला माहीत.

शेवटी मतपत्रिका यंत्रात सरकवायची असते. यंत्राला एक लहानसा पडदा आहे, त्यावर आतापर्यंत किती झाली तो आकडा दिसतो. माझी पत्रिका हळूच आत ओढली गेली आणि आकडा एकाने वाढला. तिथल्या मुलीने माझ्या हातात स्टिकर दिला, थँक यू म्हणाली, आणि बाहेर जायचा रस्ता दाखवला.

मी हलले नाही. आपण दोघं कुठून बाहेर पडताना मी नेहमी दारात थांबते, तुम्ही टोपी शोधत असता, तशी थांबून राहिले. आकड्याकडे बघत. अजून एकाने वाढेल म्हणून.